मूकपट, मूकनायक आणि कोल्हापूरचा मेस्त्री

गगनबावड्याला पाऊस कोसळतो तेव्हा चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. अशाच एका पावसाळ्यात तालुक्यातील एका वाडीवर तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही गेलो होतो. समाजमंदिराच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बोलणाऱ्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचेना. वर्ग थांबवून आम्ही शेजारच्या घरी चहाला गेलो. त्या घरच्या आजींनी ट्रंकेतून एक कागद काढून आमच्या हाती दिला. जुना स्टँपपेपर, घड्यांवर फाटलेला. त्यांच्या आजेसासऱ्यांनी सावकाराला लिहून दिलेले ते गहाणखत होते. खाली सही नव्हती. काळ्या शाईचा एक अंगठा होता. जमीन गेली, माणूस गेला, सावकारही गेला. कागद मात्र आजींनी जपून ठेवला होता. का जपला, हे त्यांना सांगता आले नाही. फेकवत नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्यासोबत मोबाईलवर छोट्या चित्रफिती तयार करणारा एक तरुण होता. त्याने विचारले की अशा माणसांवर कुणी कधी सिनेमा काढला होता का? आम्ही त्याला सांगितले की काढला होता. याच जिल्ह्यात, शंभर वर्षांपूर्वी, मूकपटाच्या जमान्यात. सिनेमाचे नाव 'सावकारी पाश', काढणाऱ्याचे नाव बाबूराव पेंटर. त्याने लगेच मोबाईल पुढे केला आणि दाखवा म्हणाला. दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हते. तो सिनेमा आज कुणाकडेच नाही.

त्या तरुणाची निराशा पाहून आम्ही ठरवले की निदान जिथे हे सारे घडले ते गाव तरी या पोरांना दाखवायचे. पाऊस उघडल्यावर सात-आठ जणांना घेऊन सकाळच्या एसटीने निघालो. असळज, साळवण, कळे करत पंचावन्न किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठले. मूकपटाचा इतिहास पाहायचा म्हणजे मोठी इमारत, तिकीट, काचेची कपाटे असतील असे पोरांना वाटले होते. आम्ही त्यांना खरी कॉर्नरला नेले. तिथे भर रहदारीत एक स्तंभ उभा आहे आणि त्यावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. शेजारून दुचाक्या धावतात, लोक पत्ता सांगताना कॅमेऱ्याजवळ या म्हणतात. हा कॅमेरा कुणी बनवला, असे मात्र फारसे कुणी विचारत नाही. त्याच माणसाची गोष्ट आज वाचकांसमोर ठेवायची आहे.

बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. वडील कृष्णराव हे नावाजलेले कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम ही त्या घराची विद्या होती. आपल्या देशात या विद्येला कधी विद्या म्हटले गेले नाही. पोथी वाचणारा पंडित ठरला आणि लोखंडाला आकार देणारा बलुतेदार. ज्याने नांगर घडवला, रथ घडवला, देवळातला देवसुद्धा ज्याच्या छिन्नीतून निघाला, त्याला त्याच देवळात मानाची जागा नव्हती. जातिव्यवस्थेने हात आणि डोके यांची फारकत केली, त्यामुळेच हा देश यंत्रयुगात मागे पडला. हे आपण नेहमी म्हणतो. बाबूराव मेस्त्रींचे आयुष्य हा त्याचा सज्जड पुरावा आहे. कारण ही फारकत जिथे मोडली तिथे काय घडू शकते, ते या माणसाने करून दाखवले.

बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते घरात आणि कामावर शिकले. त्यांचे गुरू आणि जोडीदार म्हणजे चुलतभाऊ आनंदराव. या दोघा भावांनी १९१० च्या सुमारास नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. तेव्हा संगीत नाटकांचा बहर होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे सारे काही रंगवलेल्या पडद्यावरच उभे करावे लागे. मेस्त्री बंधूंचा पडदा उघडला की नट बोलायच्या आधीच टाळी पडे, अशी त्यांची कीर्ती झाली. मराठी कंपन्यांबरोबर गुजराती आणि पारशी रंगभूमीकडूनही त्यांना कामे मिळू लागली. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हीच त्यांची ओळख झाली. व्यवसायाचे नाव आडनावाला लागावे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, पण बलुत्याने लादलेले नाव वेगळे आणि स्वतःच्या कसबाने कमावलेले नाव वेगळे.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून दोघे भाऊ झपाटले. फाळक्यांचे कर्तृत्व आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी घरदार पणाला लावले, १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण कोल्हापूरच्या या दोन पेंटरांकडे विलायतेला जाण्याची सोय नव्हती. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला. त्यावर सिनेमे दाखवायचे, चार पैसे मिळवायचे आणि यंत्र खोलून त्याची रचना समजून घ्यायची, असा त्यांचा क्रम सुरू झाला. हे खरे कारागिराचे शिक्षण. यंत्र खोलल्याशिवाय त्याला यंत्र कळत नाही.

आमच्यासोबतच्या पोरांना कॅमेरा म्हणजे मोबाईलच्या पाठीवरचा ठिपका एवढेच ठाऊक. म्हणून त्या स्तंभाखाली उभे राहून आम्ही त्यांना त्या काळच्या कॅमेऱ्याची कळ समजावून सांगितली. फिल्मची पट्टी भिंगामागून नुसती सरळ ओढली तर चित्र फासल्यासारखे येते. पट्टीने क्षणभर थांबले पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत आला पाहिजे, झडप मिटताच पट्टी बरोबर एका चित्राएवढी पुढे सरकून पुन्हा थांबली पाहिजे. हे एका सेकंदात सोळा-अठरा वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून. पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकणारा लोखंडी दात केसाएवढा जरी चुकला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. पेटीत उजेडाची एक फट राहिली तर सारी मेहनत वाया जाते. आज कारखान्यात यंत्रावर होणारे हे काम हाताने करायचे होते.

हा कॅमेरा जुळवण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये आनंदराव अकाली वारले. बाबूरावांचा उजवा हात गेला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. दुसरा कुणी असता तर पडदे रंगवण्याच्या चालत्या धंद्याकडे परतला असता. बाबूरावांनी भावाचे अर्धे राहिलेले काम हाती घेतले. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा राहिला. भारतात घडवलेला हा पहिला सिनेमाचा कॅमेरा मानला जातो. परदेशी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, सरकारी अनुदान नाही. मेस्त्रीच्या घरातल्या हातांनी तो बनवला.

आता हे कोल्हापुरातच का घडले, याचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना १ डिसेंबर १९१७ ची. याच १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. १९१८ मध्ये महार वतनाच्या जोखडाला हात घातला. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन महाराज चहा पीत होते. ज्या गावात राजा स्वतः जातीची उतरंड मोडायला निघाला होता, त्या गावात एका मेस्त्रीला स्वतःची कंपनी काढण्याची हिंमत होणे स्वाभाविक होते. महाराजांचे या कंपनीला पाठबळ होते. मल्ल, गवई, चित्रकार यांना राजाश्रय देणाऱ्या शाहूंनी या नव्या कलेकडेही पाठ फिरवली नाही.

भांडवलाच्या बाजूला एक नाव विसरता येत नाही. ते आहे गायिका तानीबाई कागलकर यांचे. बाबूरावांच्या कंपनीला त्यांनी पैसा पुरवला. गाणाऱ्या बाईचे गाणे समाजाला हवे असते, पण तिला प्रतिष्ठा द्यायची नसते. अशा एका बाईने आपली कमाई एका कारागिराच्या स्वप्नावर लावली. मराठी सिनेमाच्या इतिहासात सावकार, शेठ आणि संस्थानिकांची नावे ठळक छापली जातात. तानीबाईंचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. कंपनीत माणसेही अशीच जमली. कागलचे शेख फत्तेलाल आले, दामले होते, पुढे केशवराव धायबर आणि पोरसवदा शांताराम वणकुद्रे आले. हिंदू, मुसलमान, ब्राह्मण, बहुजन असे सारे एका मेस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होते. पंगतीत ज्यांची पाने वेगवेगळी मांडली जात, ते एकाच अंधाऱ्या खोलीत एकाच पट्टीवर काम करत होते.

वाचकहो, आता १९२० सालाकडे नीट पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ७ फेब्रुवारी १९२० रोजी, बाबूराव पेंटर यांचा पहिला मूकपट 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. आणि मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात परिषद भरली. तिथे शाहू महाराजांनी बहिष्कृत समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. मूकनायक, मूकपट आणि माणगाव, हे सारे दोन महिन्यांच्या आत घडले. आणि शाहू महाराजांचा आधार या तिन्हींच्या मागे होता. ही नोंद सिनेमाच्या पुस्तकात सापडत नाही, कारण सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांना 'मूकनायक' ठाऊक नसतो. आणि चळवळीच्या पुस्तकातही ती फारशी नसते, कारण आपण सिनेमाकडे करमणूक म्हणूनच पाहत आलो.

याच काळातला आणखी एक विरोधाभास सांगितला पाहिजे. 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळक प्रसन्न झाले. त्यांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन सिनेमा केसरी ही पदवी दिली. कलावंताचा हा गौरव योग्यच होता. पण याच टिळकांच्या 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. महाभारतातल्या द्रौपदीवरचा अन्याय पडद्यावर पाहून ज्यांचे मन हेलावले, त्यांच्या पत्राला वेशीबाहेरच्या जिवंत माणसांच्या अन्यायाची दोन इंच जागा परवडली नाही. यात दोष बाबूरावांचा नाही. पण पुराणातले दुःख या देशात डोक्यावर घेतले जाते आणि समोरचे दुःख दाराबाहेर ठेवले जाते, हे पुढे बाबूरावांनाही अनुभवावे लागले. ते पुढे येईलच.

'सैरंध्री'ने आणखी एक गोष्ट केली. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, कारण सिनेमात काम करायला कुणी बाई तयार नव्हती. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर आणले. त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. नाव बदलावे लागले यातच सारे आले. स्वतःच्या नावाने पडद्यावर येणे त्या काळी सोपे नव्हते. या बायकांनी समाजाची नालस्ती सोसली. दूर केरळात त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी काय घडले, तेही पोरांना सांगितले. पी. के. रोझी नावाच्या दलित स्त्रीने मल्याळमच्या पहिल्या मूकपटात, 'विगतकुमारन'मध्ये, एका नायर स्त्रीची भूमिका केली. दलित बाई सवर्ण बाईच्या रूपात पडद्यावर दिसली एवढ्यावरून सवर्णांनी दंगा केला, तिचे घर जाळले आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. त्या सिनेमाचीही पट्टी आज उरलेली नाही. पडद्यावर कुणी दिसावे आणि कुणी दिसू नये, हा प्रश्न या देशात पहिल्या दिवसापासून जातीचा आहे.

बाबूरावांच्या कामाची पद्धत पाहिली की कारागिराचा स्वभाव दिसतो. हा माणूस पडदे रंगवून मोठा झाला, पण सिनेमात त्याने रंगवलेले पडदे हटवले आणि खरेखुरे उभे सेट बांधले. सपाट पडद्यासमोर माणूस खोटा दिसतो, हे पेंटरलाच आधी कळणार. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, पोशाखाची, हालचालींची रेखाटने करत. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी रात्रीची लढाई कृत्रिम प्रकाशात चित्रित केली. त्यात शिवरायांची भूमिका त्यांनी स्वतः केली. सिनेमाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिका त्यांनी छापल्या, जाहिरातीची पोस्टर्स स्वतः रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे त्यांचे पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या उरलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी मानले जाते. शिवराय आणि कल्याणच्या सुभेदाराची सून हा त्या सिनेमाचा विषय. परस्त्रीला सन्मानाने परत पाठवणारा राजा त्यांनी पडद्यावर आणला.

आणि १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. एका शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात जातो, गिरणीत मजूर होतो. देव नाही, चमत्कार नाही, राजा नाही. जाडेभरडे कपडे, मोडकी झोपडी आणि कर्ज. झोपडीबाहेर रात्री विव्हळणाऱ्या कुत्र्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले, असे जुने लोक लिहून गेले. विशेष म्हणजे कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येण्याची सोय मूकपटात नव्हतीच. प्रेक्षकाने ते डोळ्यांनी ऐकले. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. भारतीय सिनेमात वास्तववादाचा आरंभ इथून झाला, हे जाणकार मान्य करतात.

हा विषय आकाशातून पडला नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले होते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून भट, सावकार आणि सरकारी कामगार यांच्या साखळीवर बोट ठेवले होते. एक विद्या नसल्याने अंगठा देणारा शूद्र कसा नागवला जातो, ते त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. गगनबावड्याच्या कड्यावरून करूळ घाटाखाली जो मुलूख दिसतो, तोच हा खोतीचा कोकण. म्हणजे फुल्यांचा असूड आणि बाबासाहेबांचे विधेयक यांच्या मधल्या काळात, त्याच दुखण्यावर, कोल्हापूरच्या एका मेस्त्रीने कॅमेरा रोखला होता. आणि मूकपट अंगठेबहाद्दरालाही समजत होता. ज्याला 'असूड' वाचता येत नव्हता त्यालाही 'सावकारी पाश' पाहता येत होता.

पण हा सिनेमा चालला नाही. ज्या प्रेक्षकाने कीचकाचा वध डोक्यावर घेतला, त्याने स्वतःचीच झोपडी पडद्यावर पाहायला नकार दिला. तो चमत्कार पाहायला पैसे देत होता. प्रेक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण हजारो वर्षे ज्याला सांगितले गेले की तुझे दुःख हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ आहे, त्यात पाहण्यासारखे काही नाही, त्याला आपले आयुष्य पाहण्याची सवय एका सिनेमाने लागत नाही. ती सवय लावायला चळवळ लागते. बाबूरावांच्या पाठीशी अशी चळवळ नव्हती. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले होते. कंपनीला पैसे हवे होते आणि पैसे पुराणात होते. बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे आणि इतिहासाकडे वळले.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाबूराव पेंटर हे काही आंबेडकरी चळवळीचे कलावंत नव्हते. त्यांचे बहुतेक सिनेमे पौराणिक होते. ज्या पुराणांनी कारागिराला शूद्र ठरवले, त्याच पुराणांना एका कारागिराने आपले सारे कसब वाहिले, ही त्यांच्या आयुष्याची शोकांतिका आहे. आपला नसलेला माणूस आपला म्हणून मिरवण्याची आम्हाला गरज नाही. पण ज्याने एकदा का होईना शेतकऱ्याच्या झोपडीसमोर कॅमेरा ठेवला, त्याला विसरणेही आपल्याला परवडणारे नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूच्या हाताखाली तयार झालेले हात दुसरीकडे गेले. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. बाबूरावांना बोलपटाचे कौतुक नव्हते. आवाज आला की चित्र दुय्यम होईल, अशी त्यांची धारणा होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'मूकनायक'च्या माथ्यावर बाबासाहेबांनी ज्या तुकोबांचा अभंग छापला होता, ते तुकोबा सोळा वर्षांनी बाबूरावांच्या शिष्यांच्या हातून जगासमोर गेले.

त्याच १९३६ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. ज्या सिनेमाने नुकसान दिले तोच पुन्हा काढावासा वाटणे, यातच त्या विषयाने त्यांना किती धरून ठेवले होते ते दिसते. पुढे १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' त्यांनी शांताराम यांच्यासह केला. बाकी काळ ते पुन्हा कुंचला आणि छिन्नी यांच्याकडे परतले. 'जलवाहिनी'सारखी त्यांची चित्रे नावाजली गेली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

स्तंभ पाहून आम्ही पोरांना टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाकडे नेले. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंबरोबर तिथे कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे आहेत. चित्र कॅनव्हासवर टिकते, मूर्ती धातूत टिकते, सिनेमा मात्र टिकला नाही. असे का, हे पोरांनी विचारले. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती भसकन पेट घेते, दमट हवेत कुजून चिकट होते. तिच्यात चांदी असते, म्हणून धंदा बुडाला की पट्ट्या विकून चांदी काढली जाई. बाबूरावांच्या स्टुडिओलाही आगीने ग्रासले होते. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यातले जेमतेम तीसेक पूर्ण किंवा तुकड्यांत उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार स्थापन झाले तेच १९६४ मध्ये. तोवर बहुतेक मूकपट संपले होते.

बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे भाग वाचले. दोन्ही १९२७ चे. याच १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पडद्यावरचा कृष्ण उरला, पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री उरली, सावकाराने नागवलेला शेतकरी तेवढा नाहीसा झाला. हे कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. आगीला आणि बुरशीला जात नसते. पण काय जपायचे, कशाच्या प्रती काढायच्या, कोणती पेटी कोरड्या खोलीत ठेवायची, हे ठरवणाऱ्या समाजाला जात असते. जे आपण जपत नाही ते दुसरा कुणी आपल्यासाठी जपून ठेवत नाही.

संध्याकाळच्या एसटीने परतताना तो चित्रफिती करणारा तरुण बराच वेळ गप्प होता. साळवण मागे पडल्यावर तो म्हणाला की आजींच्या त्या कागदाचे चित्रण करायला हवे. कागद आणि आजींचे हात एवढेच, आवाज नको. आम्हाला बरे वाटले. मूकपट त्याला समजला होता.

पुढच्या वेळी आम्ही त्या वाडीवर गेलो तेव्हा समाजमंदिराच्या कोपऱ्यात पोरांनी एक लोखंडी पेटी ठेवली होती. तिच्यात त्या गहाणखताची छायाप्रत होती, एका शाहिराच्या घरून मिळालेली आंबेडकरी जलशाच्या गाण्यांची वही होती, नामांतराच्या काळातली दोन पत्रके होती आणि एका आजोबांचा मुंबईच्या गिरणीतला हजेरीचा पास होता. ओल लागू नये म्हणून तळाशी कडुलिंबाचा पाला आणि वर प्लास्टिक. आत काय काय आहे त्याची वही वेगळी. आम्ही आजवर पाहिलेले हे सर्वांत छोटे संग्रहालय.

महाराष्ट्रात आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. तरीही बिनपरवाना सावकारी थांबलेली नाही, आणि बायकांच्या गटांच्या दारात कर्जवसुलीची माणसे उभी असतात. 'सावकारी पाश'ची गोष्ट संपलेली नाही. ती सांगायला आता लोखंडाचे दात घासून कॅमेरा बनवावा लागत नाही, तो प्रत्येक पोराच्या खिशात आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मेस्त्रीकडे चळवळ नव्हती, फक्त यंत्र होते. आज आपल्याकडे चळवळ आहे आणि यंत्रही आहे. म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक समाजमंदिरात अशी एक पेटी असावी आणि प्रत्येक वस्तीतल्या एका तरी पोराने म्हाताऱ्या माणसांसमोर कॅमेरा धरावा, एवढीच आमची विनंती आहे. खरी कॉर्नरचा तो दगडी कॅमेरा काही टिपत नाही. टिपायचे काम आपले आहे.

जयभीम!